डेअरीत रोजच एक जानेवारी

…आन् परत एक जानेवारी! आता तुम्हीच सांगा, त्या साली दिवाळी होऊन पंधरा दिस झाल्यात, पोरांचा किल्ला अजून अंगणात तसाच हाय, आन् डेअरीतला कॉम्प्युटर काय म्हणतोय? एक जानेवारी! काल बी एक जानेवारी, परवा बी एक जानेवारी, आन् टाईम? रात्रीचं बारा वाजून चार मिनिटं! बाहेर डोळं दिपतील असं ऊन पडलंय, कुत्री सावली बघून पडल्यात, आन् ह्यो म्हणतोय रात्रीचं बारा! बरं, म्हणतोय तर म्हणू द्या, आपल्या बापाचं काय जातंय… पण चेअरमन सोपानराव काय म्हणत्यात? "मशीन खोटं बोलत न्हाई!" झालं! संपला इषय!

तुम्हास्नी सांगतो, ह्यात पार भुगा कुणाचा झाला, तर आमच्या मच्छिंद्रदादाचा. मच्छिंद्रदादा म्हंजी वस्तीतला, आमच्या घरापास्नं तिसरं घर, केडगाव स्टेशनाच्या भायेर त्याचं टीव्ही रिपेरिंगचं दुकान. माणूस हुशार, पण चेहऱ्यावर काय म्हंजी काय दिसायचं न्हाई. एकदा टीव्हीच्या मागं हात घातला आन् असा शॉक बसला की माणूस दोन हात मागं जाऊन पडला. गिऱ्हाईक वराडलं, "अवो, काय झालं?" दादा उठला, पँट झटाकली, म्हणला, "शॉक बसला." आन् परत हात घातला! असा माणूस. हसणं न्हाई, रडणं न्हाई, चिडणं न्हाई. मी लई प्रयत्न केला हुता त्याला चिडवायचा, दुकानातल्या समद्या टीव्हीचे रिमोट आदलाबदली करून ठिवले… दिवसभर जागचा उठून बटणं दाबत हुता, बोलला काय बी न्हाई. मलाच वाईट वाटलं राव.

तर झालं काय, शीतकेंद्रावरनं बोलणी आली, की तुमच्या गावच्या दुधात पाणी लई. आता दुधात पाणी कुठल्या गावात नसतं? पण चेअरमनला लागलं. त्यात ते गेले सणसवाडीला मेव्हण्याच्या कंपनीत, तिथं गेटवर वॉचमन बसलेला, वॉचमनसमोर टीव्ही, आन् टीव्हीत काय? गेट! आरं, गेट समोर हाय, मान वर केली तर दिसतंय, पण न्हाई, टीव्हीत बघायचं! चेअरमन भारावूनच आले. "आपल्या डेअरीला क्यामेरं लावायचं! दूधचोर टीव्हीत धरायचा! मच्छिंद्राला बोलवा!"

दादा म्हणला, "चेअरमन, मी टीव्ही करतो."

"मग ह्यो काय ट्रॅक्टर हाय का? टीव्हीच हाय की!"

दादा म्हणला, "बरं."

ह्यो जो 'बरं' म्हणला ना, तिथं समदं बिघाडलं.

पुण्यासनं एक जुना कॉम्प्युटर आणला, चार क्यामेरं, वायरीचं भेंडोळं, आन् एक कार्ड. ते कार्ड कॉम्प्युटरच्या पोटात बसवायचं, म्हंजी क्यामेऱ्याचं चित्र आत जातंय आन् साठून ऱ्हातंय. क्यामेरा एक गेटवर. दोन फॅट काढायच्या मशीनवर. तीन जिथं मोठ्या कॅनमधी दूध ओततात तिथं, शेजारी पाण्याचा नळ, आन् वर भिंतीवर एक घड्याळ, पेंडवाल्या कंपनीनं फुकट दिल्यालं. आन् चार? चार चेअरमनच्या खुर्चीवर! का? तर म्हणे, "मी हाय का न्हाई ते बी दिसाय पाहिजे." आता तुम्ही खुर्चीवर बसलाव तर तुम्हाला कळतंय ना तुम्ही हाय म्हणून? पण न्हाई!

तर कार्ड बसवलं, कॉम्प्युटर चालू केला, कॉम्प्युटर म्हणला, कार्डच न्हाई. काढलं, परत बसवलं. न्हाई. दादानं शाळेतल्या पोराचं खोडरबर घेतलं, कार्डाची पितळी दातं घासली, फुकर मारली, दुसऱ्या खाचंत बसवलं… दिसलं! पण दोन नंबरच्या चित्रात नुसत्या लाटा. वर ट्यूबलाईटची वायर, तिला चिकटून ह्याची वायर. वायर हालवली, लाटा गेल्या, तर चार नंबर बंद. चार चालू केला तर निळा पडदा, आन् वर इंग्लिशमधी येवढं येवढं लिहिल्यालं. पुण्याला फोन लावला. तिकडनं पोरगं नाकात बोलतंय, "सर, फॉरमॅट मारलं का? एकदा फॉरमॅट मारून घ्या." दादानं फॉरमॅट मारला. परत निळा. "सर, परत मारा." परत मारला. चार दिस दादा डेअरीत हुता, चार येळा फॉरमॅट, आन् पाचव्या दिवशी आपलंआपणच चालू झालं. कशामुळं? कुणाला म्हाईत! दादाला इचारलं, "कसं वाटतंय दादा?" म्हणला, "चालू झालं."

आन् उद्घाटनाला नारळ फोडला, चेअरमन खुर्चीत बसले, टीव्हीत बघितलं, टीव्हीत चेअरमन खुर्चीत बसून टीव्हीत बघत्यात! डोळ्यांत पाणी आलं वो त्यांच्या.

पण दिवस कसलं हुतं? लोडशेडिंगचं! सकाळी जाती, दुपारी जाती, संध्याकाळी आली तर गाव टाळ्या वाजवतंय! खाली एक यूपीएस ठिवला हुता, तो चार मिनिटं टिकायचा, तेवढ्यात दादाच्या फक्त चपला घालून व्हायच्या. आन् लाईट आली की कॉम्प्युटर आपला आपण चालू व्हावा का न्हाई? व्हायचा, पण अर्ध्यात थांबायचा. काळा पडदा, आन् म्हणायचा, कीबोर्डावरचं एफ-वन दाबा. दाबलं की पुढं. आता सेक्रेटरी गेणबाआप्पाला एवढं शिकिवलं हुतं, एफ-वन. पण चेअरमननं कीबोर्डच कपाटात कुलपात घातला! "कुणी हात लावायचा न्हाई, पुरावा हाय तो!" आन् चावी चेअरमनच्या बंडीत, आन् चेअरमन दौंडला लग्नाला! दिवसभर कॉम्प्युटर एफ-वन एफ-वन करत बसला आन् गेणबाआप्पा त्याच्याकडं बघत बसला. शेवटी कीबोर्ड भायेर ठिवला.

एफ-वन दाबून चालू झाला की तारीख? एक जानेवारी. टाईम रात्रीचं बारा. दादानं हातानं बरोबर केली. लाईट गेली, आली, एक जानेवारी. परत बरोबर केली. परत एक जानेवारी. तिसऱ्या येळंला त्यानं सोडूनच दिलं. टीव्हीवाला माणूस हाय वो, टीव्हीला कुठं तारीख लागती? चेअरमनला सांगितलं, तर चेअरमन म्हणले, "तारखेचं काय करायचंय? चोर दिसतोय न्हवं? मशीन खोटं बोलत न्हाई!"

मधी एकदा दोन नंबरच्या क्यामेऱ्यापुढं कुणीतरी दोऱ्याला कोंबडीचं पीस बांधून सोडलं. ते मशीन कसं, कायतरी हाललं तरच साठवायचं. पीस दिवसभर हाललं, मशीननं दिवसभर पीस साठवलं, आन् डब्बा फुल! कुणी बांधलं ते इचारू नका. दहावीची ऑक्टोबरची परीक्षा नुकतीच झाली हुती, गणितात काय हुणार ते म्हाईत हुतं, येळ भरपूर हुता.

तर आता मेन. एक दिवस सकाळी दूध घेऊन आली साखरबाई. साखरबाई म्हंजी मच्छिंद्रदादाची सख्खी आत्या. तीन म्हशी, तोंड तिखाट, दूध मातूर एक नंबर. तिनं किटली आणली, कॅनमधी दूध ओतलं, तेवढ्यात गेली लाईट. बोलत बसली गेणबाआप्पाबरं. अर्ध्या तासानं लाईट आली, आप्पानं एफ-वन दाबलं. मग हिनं नळाखाली किटली धरली, पाणी घेतलं, खळबळून विसाळली, आन् ते पांढरं पाणी दारातल्या कुत्रीला ओतलं. रोजची रीत. समद्याच बाया करतात. कुत्री पण त्याच येळंला येऊन बसतीय.

आन् संध्याकाळी चेअरमन बसले टीव्हीपुढं चोर शोधायला. दादाला बोलावलं, "आजचं लाव रं." दादानं लावलं. आता मशीन कसं लावणार? टायमाच्या हिशेबानं! पहिलं काय आलं? एक जानेवारी, रात्री बारा वाजून तीन मिनिटं, साखरबाई नळाखाली किटली धरती. मग? एक जानेवारी, बारा वाजून अडतीस मिनिटं, साखरबाई किटली कॅनमधी ओतती!

आधी पाणी! मग दूध!

चेअरमन खुर्चीतनं उठलेच! "धरली! धरली का न्हाई? मशीन खोटं बोलत न्हाई!"

आन् मशीन कुणी चालवलं? मच्छिंद्रदादानं. बटण कुणी दाबलं? मच्छिंद्रदादानं. आत्याला बोलावलं, तिला दावलं, भवतीनं अर्धं गाव. आत्यानं पडद्याकडं बघितलं, मग भाच्याकडं बघितलं.

"मच्छिंद्रा, ह्यो तूच लावलाय व्हय रं?"

"व्हय, आत्या."

"चांगलं दिसतंय."

बास. एवढंच म्हणली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चेअरमन म्हणले, बिस्तरवारी कमिटीची मिटिंग, तवर साखरबाईचं दूध बंद. आन् मिटिंगमधी चोरी ठरली तर कायमचंच बंद. आता दुसरी डेअरी कुठं? पार हायवेला, दोन तास डोक्यावर किटली घिऊन जायचं, आन् तिथं बी 'पाणीवाली आली' म्हणणार. नाव गेलं की म्हशीचं बी जातंय बघा. दोन दिस तिनं दूध घरी तापवलं, खवा केला, शेजारी वाटला. आमच्या घरी बी आला. खवा लई चांगला हुता, पण खाताना कुणी बोलत नव्हतं.

आन् दादाला? वस्तीत कुणी 'जय भीम' बी घालंना! विहाराच्या पायरीवर बसला तर दोन्हीकडची माणसं उठून जायची. महेंद्रमामा तोंडावर म्हणले, "आपल्याच माणसानं आपल्याच बाईवर क्यामेरा लावला. शाब्बास." दादा काय म्हणला? "व्हय." रात्री जेवला का, तर जेवला. झोपला का, तर झोपला. सकाळी उठून कॉम्प्युटरचं डबडंच पोत्यात घातलं, सायकलीला बांधलं आन् केडगावला नेलं. तिथं करिश्मा म्हणून एक पोरगी कॉम्प्युटर क्लास चालवती, माझ्यापरीस दोन वर्सानं मोठी, पण बोलती अशी की आपण पयलीत हाय.

तिनं डबडं उघाडलं. आत बघितलं. नखानं एक गोल चपटा सेल काढला, शर्टाच्या बटणाएवढा.

"दादा, ह्याचा सेल गेलाय."

"ह्याला सेल असतोय?"

"घड्याळाला असतोय ना तसाच. लाईट गेली तरी तारीख ध्यानात ठेवायला. हा मेला, म्हणून लाईट आली की मशीन परत पहिल्यापासून मोजतंय. एक जानेवारी, रात्री बारा."

दादा हळूच म्हणला, "म्हंजी लाईट यायच्या आधीचं अडतीस…"

"आधीचं."

"आन् नंतरचं तीन…"

"नंतरचं."

चार येळा फॉरमॅट मारला हुता त्या माणसानं! वायरी बदलल्या! खोडरबर झिजवलं! आन् खोड कशात? शर्टाच्या बटणात! दुसऱ्या कुणी कपाळ बडवून घेतलं असतं. दादा म्हणला, "नवा दे एक."

बिस्तरवारी मिटिंग. डेअरीत मुंगी शिरंना. कमिटी बसली, चेअरमन बसले, कॉम्प्युटर परत टेबलावर. दादा उभा ऱ्हायला, मेलेला सेल हातावर ठिवून समदं सांगितलं, जसं करिश्मानं सांगितलं तसं. आयुष्यात एवढं बोलला नसंल. आन् चेअरमन काय म्हणले?

"सेल? मशीन लाईटीवर चालतंय, सेल कशाला लागतोय? हां, आत्याला वाचवायला आलाय व्हय! मशीन खोटं बोलत न्हाई!"

कमिटीनं माना हालवल्या. दादा खाली बसला. संपलं.

तवा साखरबाई उठली. पदर खवला.

"चेअरमन, तारीख काय म्हणतंय मशीन?"

"एक जानेवारी!"

"एक जानेवारीला आम्ही समदी वस्ती कोरेगावला स्तंभाला. टेम्पो करून. त्या दिशी माझं दूध डेअरीत न्हाई, रजिस्टर बघा गेणबाआप्पा."

गेणबाआप्पानं रजिस्टर उघाडलं. "न्हाई बा. एक जानेवारीला साखरबाई निरंक."

"आन् एक जानेवारीला क्यामेरं तरी हुतं का? दसऱ्याला नारळ फोडलाव न्हवं तुम्ही?"

चेअरमन जरा खाकरले. "मशीन…"

"आन् रात्री बाराला ऊन पडतंय व्हय तुमच्या डेअरीत? बरं, ते बी ऱ्हाऊ द्या. मच्छिंद्रा, लाव ती दोन्ही चित्रं. आन् माझ्याकडं न्हाई, वर बघा समद्यांनी. भिंतीवर घड्याळ हाय."

लावलं. नळाखाली किटली धरती तवा भिंतीवरल्या घड्याळात किती? सव्वासात. कॅनमधी ओतती तवा किती? सहा चाळीस! अहो, पेंडवाल्याचं फुकटचं घड्याळ! त्याच्या काट्याला गंज, त्याच्यावर म्हशीचं चित्र, पण सेल जित्ता हुता वो त्याचा!

आरं काय हसलं गाव! कमिटीतला पोपटरावआबा तर खुर्चीवरनं घसारला. मी शिट्टी मारली… म्हंजी कुणीतरी मारली. आन् ठराव झाला, गेणबाआप्पानं मोठ्यानं वाचला, "एक जानेवारी ह्या तारखेचं कुठलंबी चित्रण पुरावा म्हणून धरण्यात येऊ नये. सर्वानुमते मंजूर." आत्यानं अंगठा न्हाई, सही केली, लफ्फेदार. दूध चालू! भाच्याजवळनं जाताना त्याच्या डोक्यावर एक टप्पल मारली आन् गेली. दादाला काय वाटलं? मला वाटलं आता तरी हसंल. म्हणला, "सेल बसवून येतो."

इथं संपलं असतं तर किती बरं झालं असतं राव!

माणसं पांगली, दादा एकटा आत. मी खिडकीत, सहज. सेल बसवायच्या आधी म्हणला एकदा समदं बघून घ्यावं, म्हणून जुनी चित्रं पळवत बसला. गाय, कुत्री, कोंबडीचं पीस, पीस, पीस… आन् एकदम थांबला. क्यामेरा तीन. डेअरी उघडायच्या आधी, भिंतीवर पाच वाजून धा मिनिटं. एक माणूस. बंडी घातलेला. स्वतःच्या घरचा दुधाचा कॅन झाकण काढून ठिवल्यालाय, नळाला पाईप लावलाय, आन् पाईप कॅनमधी. आन् माणूस शांत उभा, कॅन भरस्तवर दात घासतोय!

सोपानराव. चेअरमन.

दादानं ते तीनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघताना मागं कोण उभं? चेअरमन! मी खाली वाकलो, पण खिडकी सोडवंना.

"काय बघतोय मच्छिंद्रा?"

"काय न्हाई."

"तारीख काय हाय त्याची?"

दादानं पडद्याकडं बघितलं. "एक जानेवारी."

"मग?"

"…ठराव."

"हां." चेअरमननं खांद्यावर हात ठिवला, मायेनं. "आन् हातात काय हाय?"

"सेल. बसवू का?"

"ऱ्हाऊ दे. चाललंय ते बरं चाललंय."

आता बोला! मी पळत जाऊन साखरबाईला सांगितलं. वाटलं, ही उठंल, जाईल, डेअरी डोक्यावर घील! ती शेणी लावत हुती. ऐकून घेतलं. शेणी लावली. मग म्हणली, "त्याच तारखेनं मी सुटले, पोरा. आता ती तारीख खरी हाय म्हणू कशी?"

"पण घड्याळ हाय की आत्या! भिंतीवरचं!"

"घड्याळाचा ठराव झालाय का?"

न्हाई झाला. कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई. आन् दुसऱ्या दिवशी बघतोय तर घड्याळ भिंतीवरनं गायब, जागेवर फक्त खिळा. चेअरमन म्हणले, रिपेरिंगला टाकलंय. कुणाकडं? मच्छिंद्राकडं! आन् खरंच हुतं राव, दादाच्या दुकानात, टेबलावर, टिकटिक करत. "ह्याला काय झालंय दादा?" म्हणलं. दादा म्हणला, "काय न्हाई. चालू हाय." सेल बी तिथंच, शेजारी, कागदात गुंडाळल्याला.

मग मला एक सुचलं. उगं न्हाई डोकं हाय आपल्याला, गणितात जात असंल पण हाय. म्हणलं दादा, तारीख चुकीची म्हणून चेअरमन सुटला ना? मग वर्सात एक दिवस असा येतोय की मशीनची तारीख खरी असती! एक जानेवारी! साल चुकतंय, चुकू द्या, पण दिवस बरोबर! ठराव खोट्या तारखेसाठी झालाय, खऱ्या तारखेला कोण अडवणार? त्या दिशी चेअरमननं पाईप लावला की धरला! दादानं माझ्याकडं बघितलं. आन् तुम्हास्नी सांगतो, ओठ हालला त्याचा. हसला न्हाई, पण हालला.

दिवस मोजले. एक जानेवारी आली. वस्तीचा टेम्पो स्तंभाला निघाला, बाया पांढऱ्या साड्यांत, आत्या पुढच्या सीटवर. दादानं डेअरीपाशी टेम्पो थांबवला, म्हणला, पहाटेचं चित्र तेवढं बघून येतो. मी बी मागं. आत गेलो. गेणबाआप्पा एकटाच बसल्याला. पडदा काळा. एफ-वन न्हाई, काय न्हाई.

"आप्पा, लाईट गेलीय व्हय?"

"लाईट हाय की. चेअरमन पाचलाच येऊन गेलं. प्लग काढला आन् खिशात घालून नेला. म्हणलं, आज वर्साचा पहिला दिस, मशीनला सुट्टी."

दादा म्हणला, "बरं." आन् टेम्पोत जाऊन बसला.

आन् तुम्हास्नी सांगतो, त्या दिवशी, अख्ख्या वर्सभरात पहिल्यांदा… दिवसभर लाईट गेली न्हाई.